शुगर बॉर्डरवर आहे आणि बाळाचा विचार चाललाय, आधी वजन उतरवू का?

रानजाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, लिहायची ही पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३१, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २९, पीसीओएस म्हणजे बीजकोशांचा हॉर्मोनचा त्रास कॉलेजात असल्यापासून, पाळी कधी दीड महिन्याने कधी दोन. आता बाळाचा विचार करतोय म्हणून सगळ्या टेस्ट करून घेतल्या तर एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.९ आणि उपाशीपोटी शुगर १०४. आईला टाइप टू डायबेटीस आहे, मावशीलाही, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही पण इतक्या लवकर आपला नंबर लागेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळला, म्हणाल्या प्रीडायबेटीस आहे, पाच ते दहा टक्के वजन उतरवा आणि मग प्रयत्न करा, फोलिक अ‍ॅसिड लिहून दिलंय. संपलं. मी तोंड उघडेपर्यंत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं होतं.

तर आता डोक्यात नुसता गोंधळ. एक म्हणजे वजन उतरेपर्यंत खरंच थांबायचं का, आणि नाहीच उतरलं तर? पीसीओएसमध्ये वजन किती हट्टी असतं ते ज्यांना आहे त्यांनाच माहीत. दुसरं, ऑफिसातली मैत्रीण म्हणते कीटो कर, म्हणजे भात-पोळी-साखर जवळजवळ बंद, भराभर किलो जातात, मग ते आत्ता करून दिवस राहिले की बंद केलं तर चालेल का. तिसरं, दिवस राहिल्यावर व्यायामाचं काय? आई म्हणते पहिले तीन महिने जिनापण चढू नकोस, आणि मोबाईल उघडला की आठव्या महिन्यात वजनं उचलणाऱ्या बायका दिसतात, या दोन्हींच्या मधलं काहीतरी असेलच ना. आणि मुख्य म्हणजे हे सगळं केल्याने प्रेग्नन्सीतला डायबेटीस खरंच टळतो की आपण नुसतं मनाचं समाधान करून घेतोय?

"काळजी करू नकोस, सगळं छान होईल" हे सोडून काहीही सांगा प्लीज.

अर्धाकप

अगं तुझे आकडे आणि माझे आकडे म्हणजे सख्ख्या बहिणी. फरक इतकाच की मला आधी कोणी तपासायला सांगितलंच नव्हतं, थेट सव्विसाव्या आठवड्यात ते ७५ ग्रॅम ग्लुकोजचं गोडमिट्ट पाणी प्यायल्यावर कळलं. उपाशीपोटी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३, यातला एक जरी आकडा गाठला तरी बऱ्याच ठिकाणी जीडीएम म्हणजे गर्भारपणातला डायबेटीस धरतात, माझा पहिलाच ९७ निघाला.

थिअरी इथले जाणकार सांगतीलच, मी ग्लुकोमीटरने जे शिकवलं ते सांगते. रोज बोट टोचायचं, सकाळी उठल्यावर आणि मग प्रत्येक खाण्यानंतर. टार्गेट उपाशीपोटी ९५ च्या आत, खाल्ल्यावर तासाने १४० च्या आत. तर सकाळी ओट्स, दूध आणि एक केळं, म्हणजे सगळं जग ज्याला हेल्दी म्हणतं ते खाल्लं की १६८, आणि तेच्या तेच संध्याकाळी खाल्लं तर १३०. मला वाटलं मशीन बिघडलं, दुसऱ्या बोटाला टोचून पाहिलं, तेच. डाएटिशियन म्हणाली मशीन ठीक आहे, सकाळी कॉर्टिसॉलसारखे हॉर्मोन चढलेले असतात म्हणून इन्सुलिन त्या वेळी सगळ्यात कमी लागू पडतं, आणि प्रेग्नन्सीत ते जास्तच जाणवतं. मग केळं अकराच्या खाण्यात सरकवलं, ओट्स निम्मे केले, सोबत दोन अंडी. १२६! काहीही बंद केलं नाही, नुसती जागा बदलली.

दुसरी गोष्ट जेवल्यावर चालणं. बाहेर जायचा कंटाळा यायचा, मग बहिणीला फोन लावायचा आणि घरातल्या घरात पंधरा मिनिटं फेऱ्या. चाललं तर आकडा बऱ्यापैकी खाली, सोफ्यावर टेकलं तर वर, इतकं सरळ दिसायचं की पुढे पुढे नवराच म्हणायचा, चल उठ, फोन लाव बहिणीला.

एक मात्र सांगून ठेवते. एवढं करूनही उपाशीपोटीची शुगर हलली नाही आणि रात्रीचं इन्सुलिन घ्यावं लागलं. मी दोन दिवस रडले. नंतर समजलं की तो आकडा रात्रभर लिव्हर जी साखर सोडतं त्याचा असतो, जेवणात कितीही काटछाट केली तरी तो फार ऐकत नाही. तेव्हा इन्सुलिन लागलं म्हणजे आपण नापास झालो असं नाही. मुलगी आता तीन वर्षांची आहे, ठणठणीत.

सरळमुद्दा

कीटोला लोक उगाच घाबरतात. मी आणि बायको दोघांनी केलं, माझं एचबीएवनसी ६.१ वरून ५.४ वर आलं. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शरीराला कार्ब झेपत नाही, मग कार्बच बंद करा, विषय संपला. सोबत सोळा तासांचं फास्टिंग. दिवस राहिल्यावरपण चालू ठेवायला काय हरकत आहे, माणूस हजारो वर्षं शिकार करूनच जगत होता ना, तेव्हाही मुलं होतच होती.

चष्मेवाली

@सरळमुद्दा, तुमचं एचबीएवनसी उतरलं त्याचा आनंद आहे, पण तुमच्या पोटात बाळ वाढायचं नव्हतं :) आणि शिकारीच्या काळात किती बाळं आणि किती बाळंतिणी दगावायच्या तेही धरा हिशोबात.

मी आहारतज्ज्ञ आहे, गरोदर बायका रोज बघते, पण रानजाई, तुझे पेपर मी पाहिलेले नाहीत तेव्हा हे सल्ला म्हणून नको, तुझ्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून वाच.

आधी मुळात काय होतं ते. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून वार (प्लासेंटा) जे हॉर्मोन सोडते त्यांच्यामुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा असर मुद्दाम कमी केला जातो. मुद्दाम, कारण साखर आईच्या स्नायूंनी उचलून घेण्याऐवजी रक्तात थोडा जास्त वेळ राहिली तर बाळाला मिळते. म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स हा प्रेग्नन्सीतला बिघाड नाहीये, तो प्रत्येकीला होतो. त्यावर उपाय म्हणून स्वादुपिंड शेवटच्या महिन्यांत दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तयार करतं. ज्यांच्याकडे तेवढी शिल्लक असते त्यांना कळतही नाही, आणि ज्यांचं स्वादुपिंड आधीच ओढून-ताणून चाललेलं असतं, पीसीओएस, घरात डायबेटीस, एचबीएवनसी ५.७ ते ६.४ च्या मध्ये, त्यांचं तिथे कमी पडतं. आता साखर वारेतून पलीकडे जाते पण आईचं इन्सुलिन जात नाही, त्यामुळे बाळ आपलं स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन बाळाच्या अंगावर चरबी चढवतं. जन्मल्यावर नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम बंद, इन्सुलिन मात्र अजून चढलेलं, म्हणून अशा बाळांची शुगर पहिल्या काही तासांत खाली जाते आणि पुन्हा पुन्हा टाचेतून रक्त घेऊन तपासतात.

म्हणूनच तुझ्या डॉक्टरांनी "आधी" म्हटलंय. वार कामाला लागायच्या आधी तुझी शिल्लक वाढवायची, बस. नंतर धावपळ करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

कीटोबद्दल. गरोदरपणात दिवसाला निदान १७५ ग्रॅम कार्ब घ्यावेत असं साधारण मानतात, त्यातले काही थेट बाळाच्या मेंदूसाठी. कीटोमध्ये माणूस ५० च्या आत असतो. कीटोन वारेतून बाळाकडे जातात, आणि त्याचा बाळावर काय परिणाम होतो याची परीक्षा स्वतःच्या बाळावर बघायला कोणी जाऊ नये. "दिवस राहिले की बंद करू" यात आणखी एक गोम आहे जी तुझ्या मैत्रिणीला माहीत नसणार. तुझी पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. म्हणजे दिवस राहिले हे तुला कळेपर्यंत सहा-सात आठवडे सहज उलटून गेलेले असतील. बाळाच्या मेंदूची-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते. मग तू कधी थांबणार?

आणि यातूनच पुढचं, जे मी प्रत्येक पीसीओएसवालीला कान धरून सांगते: वजन पाच टक्के जरी उतरलं तरी बंद पडलेलं ओव्ह्युलेशन, म्हणजे बीज बाहेर पडणं, सुरू होऊ शकतं. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने पण होतं. "माझी पाळी वेळेवर येतच नाही, मला काय दिवस राहतायत" या भरवशावर राहू नकोस. तीन-चार महिने थांबायचं ठरवलंस तर नीट गर्भनिरोधक वापर, आणि फोलिक अ‍ॅसिड (साधारण ४०० मायक्रोग्रॅम रोज, डायबेटीस असेल किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात) आजपासूनच घे, वजन उतरल्यावर नाही. वजन उतरवायची इंजेक्शनं कोणी सुचवली तर सेमाग्लुटाईड प्रयत्न सुरू करायच्या निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं, तेही विचारून ठेव.

खायचं काय? मी याद्या देत नाही, याद्या फ्रिजवर चिकटतात आणि तिथेच राहतात. ताटात निम्म्या भाज्या, पाव भाग प्रोटीन (डाळी-कडधान्यं, अंडी, मासे, चिकन, पनीर, जे तुझ्याकडे खातात ते), पाव भाग धान्य आणि तेही शक्यतो न पॉलिश केलेलं. खाताना आधी भाजी आणि प्रोटीन, धान्य शेवटी, नुसत्या या क्रमाने जेवणानंतरची शुगर कमी चढते. गोड पेयं आणि फळांचे रस मात्र बंद, यात मी तडजोड करत नाही. फळं खा, ती चावून खा.

आकडेमोड

चष्मेवाली ताईंशी बऱ्याच अंशी सहमत पण रानजाईचा शेवटचा प्रश्न सगळ्यांनी गिळून टाकला. खरंच टळतो का? मी डॉक्टर नाही, आकडेवारीत काम करतो आणि बायकोच्या वेळी जरा जास्तच पेपर वाचले होते (तिचं म्हणणं, फारच जास्त).

प्रेग्नन्सी सुरू झाल्यावर आहार-व्यायाम बदलून बघितल्याचा मोठा प्रयोग म्हणजे ब्रिटनमधला अपबीट, २०१५. बीएमआय ३० च्या वरच्या १५५५ बायका, पंधराव्या ते अठराव्या आठवड्यात सुरुवात, दर आठवड्याला सेशन्स. निकाल? जीडीएम एका गटात २५ टक्के, दुसऱ्यात २६. म्हणजे शून्य फरक. बायकांचं खाणं थोडं सुधारलं, वजन थोडं कमी वाढलं, पण ज्यासाठी केला होता ते नाही. याउलट फिनलंडमध्ये २०१६ चा राडिएल, बीएमआय ३० च्या वर किंवा आधी जीडीएम झालेल्या बायका, विसाव्या आठवड्याच्या आत सुरुवात, तिथे २१.६ वरून १३.९ टक्क्यांवर आलं. बीजिंगमधला २०१७ चा आणखी एक, ३०० जास्त वजनाच्या बायका, तेरावा आठवडा लागायच्या आत स्थिर सायकल सुरू, आठवड्यातून तीनदा अर्धा तास. जीडीएम ४०.६ वरून २२ टक्के.

तर जेवढ्या लवकर सुरू कराल तेवढा फायदा असं चित्र दिसतं. पण याचा अर्थ "जितकं आधी तितकं चांगलं, म्हणून वजन उतरेपर्यंत थांबाच" असा काढू नका. नेदरलँड्समध्ये नेमकं हेच तपासलं होतं, २०१६ ला छापून आलं. दिवस न राहणाऱ्या, बीएमआय २९ च्या वरच्या ५७७ बायका. निम्म्यांना सहा महिने वजन उतरवायला लावलं आणि मग दिवस राहण्यासाठीची ट्रीटमेंट, निम्म्यांना थेट ट्रीटमेंट. थांबलेल्यांचं वजन सरासरी ४.४ किलो उतरलं, त्यांच्यात ट्रीटमेंटशिवाय आपोआप दिवस राहण्याचं प्रमाण जास्त होतं हे खरं, पण दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं निरोगी बाळ नॉर्मल डिलिव्हरीने होण्याचं प्रमाण थांबलेल्यांच्यात २७ टक्के, न थांबलेल्यांच्यात ३५. म्हणजे थांबण्याचीही किंमत असते. पस्तिशी ओलांडलेल्या बाईला "दहा किलो उतरवून ये" म्हणणं मला तरी पटत नाही.

चष्मेवाली

@आकडेमोड, मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच मी वर एकदाही किलो हा शब्द वापरला नाही. ३१ व्या वर्षी तीन ते सहा महिने दिले तर काही बिघडत नाही, ३७ असती तर मीही म्हटलं असतं की दोन्ही बरोबरच चालू दे. पण त्या तीन महिन्यांत वजनाच्या काट्याकडे न बघता उपाशीपोटीची शुगर आणि कमरेचा घेर बघावा. किलो दोनच उतरले पण शुगर १०४ वरून ९५ वर आली तर माझ्या दृष्टीने काम झालं. आणि आठ किलो उपाशी राहून उतरवले, केस गळतायत, हिमोग्लोबिन ९, तर ते वजन उतरलं नाही, तब्येत उतरली.

अपबीटबद्दल एक. तिथे दोन्ही गटांत जीडीएम निघालं त्यांच्यावर उपचार झालेच. टळलं नाही म्हणजे त्रास झाला असं नाही. जीडीएम वेळेत सापडून सांभाळलं तर बाळ खूप मोठं होणं, बाळंतपणात खांदा अडकणं हे कमी होतं, हे ऑस्ट्रेलियात २००५ ला आणि अमेरिकेत २००९ ला चांगल्या मोठ्या ट्रायलमध्ये दिसलंय. म्हणून रानजाई, दिवस राहिले की पहिल्याच भेटीत शुगर तपासा म्हणायचं, २४ ते २८ आठवड्यांची वाट बघायची नाही. पहिली नॉर्मल आली तरी ती २४-२८ ची पुन्हा करायचीच. आणि तेव्हा फक्त एचबीएवनसीवर भागवू देऊ नकोस, गरोदरपणात लाल पेशी लवकर बदलतात त्यामुळे तो आकडा खोटाच कमी दिसतो.

रानजाई

बापरे, एवढं सगळं लिहिलंत, थँक यू सगळ्यांना. डॉक्टरांकडे दोन मिनिटांत जे कळलं नाही ते इथे कळलं. गर्भनिरोधकाचं तर डोक्यातच आलं नव्हतं, उलट आम्ही "होईल तेव्हा होईल" अशाच मूडमध्ये होतो.

व्यायामाचं कोणी सांगेल का? जिम कधीच केलेली नाही, चालते तेवढंच, तेही ऑफिसला जाता येता. आणि गरोदरपणात किती वजन वाढलेलं चालतं? आत्याचं म्हणणं आतापासूनच खाऊन घे, दोन जिवांची झालीस की खायलाच हवं.

चालतबोलत

फिजिओथेरपिस्ट हियर. व्यायामाचं मी सांगते.

साखर उचलण्यात सगळ्यात मोठा वाटा स्नायूंचा असतो, आणि स्नायू काम करत असला की तो इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत ओढतो. अर्धाकपच्या फोनवरच्या फेऱ्यांनी आकडा का उतरायचा ते यात आलं. एका बैठकीचा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, त्यामुळे रविवारी दोन तास घाम गाळून उरलेला आठवडा खुर्चीत असं करून उपयोग नाही.

आत्ता, दिवस राहायच्या आधी, तुझ्याकडे मोकळं रान आहे. आठवड्याला १५० मिनिटं दमवणारं चालणं किंवा सायकल किंवा पोहणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. ताकदीचे म्हणजे जिमच पाहिजे असं नाही, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून पुशअप, पाण्याची भरलेली बाटली घेऊन खांदे. पीसीओएसवाल्या बायका नुसतं चालण्यावर भर देतात आणि हेच टाळतात, मला तर वाटतं तुमच्यासाठी हेच जास्त महत्त्वाचं आहे. सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालेल, दोन आठवड्यांनी पंधरा कर.

दिवस राहिल्यावरही आकडा तोच, १५० मिनिटं. गर्भपात व्यायामाने होत नाही, सुरुवातीचे बहुतेक गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या चुकांमुळे होतात, हे आईंना सांग, जिना चढून काही होत नाही. किती जोरात करायचं? बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये, इतकं. पल्स मोजत बसायची गरज नाही, गरोदरपणात ती तशीही वर गेलेली असते. आधीपासून वजनं उचलणारी बाई ती पुढे उचलू शकते, तू आठव्या महिन्यात नव्याने सुरू करू नयेस, एवढाच त्या व्हिडिओतल्या बायका आणि तुझ्यातला फरक. साधारण विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर उताणं झोपून बराच वेळ चालणारे व्यायाम टाळायचे कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून चक्कर येते. पडायची किंवा पोटाला मार बसायची भीती असलेलं काहीही नको, तापवलेल्या खोलीतला योगा नको. पेल्विक फ्लोअरचे (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे) व्यायाम आत्तापासून शिकून घे, नंतर पोट मोठं झालं की कुठला स्नायू आवळतोय तेच कळत नाही.

कोणी करू नये तेही सांगते कारण हे लोक विसरतात: वार खाली सरकलेली असून सव्वीस-अठ्ठावीस आठवडे होऊन गेलेत, गर्भाशयाचं तोंड सैल आहे किंवा टाका घातलाय, रक्तस्राव होतोय, पाणी गेलंय, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला बीपी वाढण्याचा आजार) आहे, गंभीर हृदयविकार किंवा खूप रक्त कमी आहे, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. आणि करताना अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, नेमाने कळा, छातीत दुखणं, गरगरणं, एकाच पोटरीला सूज-दुखणं यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि फोन करायचा.

वजनाचे आकडे: आत्ताच्या तुझ्या बीएमआयला म्हणजे २५ ते ३० च्या मध्ये पूर्ण नऊ महिन्यांत ७ ते साडेअकरा किलो. साडेअठरा ते २५ च्या मध्ये असेल तर साडेअकरा ते १६, तीसच्या वर गेलीस तर ५ ते ९. हे २००९ पासून जगभर वापरले जाणारे अमेरिकन आकडे आहेत, एकाच बाळासाठी, जुळी असतील तर वेगळे. आणि आत्यांना प्रेमाने सांग की पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काहीच लागत नाही, मधल्या तीनमध्ये रोज साधारण ३४० कॅलरी, शेवटच्या तीनमध्ये ४५० च्या आसपास. म्हणजे एक नीट नाश्ता. दुसरा जीव तीन किलोचा आहे, तीसचा नाही.

सरळमुद्दा

ठीक आहे, गरोदरपणात कीटो नको, पटलं. पण कार्ब मोजायला शिकणं वाईट नाही या मताला मी चिकटून आहे.

चष्मेवाली

त्याला कोणाचाच विरोध नाही. आणि तुम्ही आलाच आहात तर नवरेमंडळींसाठी एक. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणजे बायकोने तीन महिने द्यायचे तर नवऱ्यानेही द्यायला हरकत नाही, सिगारेट, दारू, ढेरी, तिन्ही. घरात एकटीने वेगळं ताट करून खाणाऱ्या बाईचं पथ्य किती दिवस टिकतं ते मी रोज बघते.

रानजाई

नवऱ्याला हा धागा वाचायला दिला, ढेरीच्या ओळीवर जरा शांत झाला होता :D पण तयार झालाय. तीन महिने द्यायचे ठरवलंय, मग शुगर परत तपासायची आणि काहीही आलं तरी डॉक्टरांना भेटून पुढचं. मेटफॉर्मिनचंही विचारीन.

एकच शंका राहिली. बहिणीला पहिले साडेतीन महिने पाणीसुद्धा पचत नव्हतं, मला तसं झालं तर हे भाज्या आधी आणि धान्य नंतर वगैरे कुठून करणार?

अर्धाकप

नाही करणार. त्या दिवसांत जे पोटात राहील ते खायचं, कोरडी बिस्किटं तर कोरडी बिस्किटं, दर दोन तासांनी थोडं थोडं, आणि पाणी घोट घोट. उलटीमुळे काहीच राहत नसेल, लघवी गडद होत असेल, वजन उतरत असेल तर लगेच दाखवायचं, अंगावर काढायचं नाही. मळमळ थांबली की ताट पुन्हा रुळावर आणता येतं, आणि वारेचा जोर वाढतो तोही साधारण तेव्हाच, त्यामुळे फार काही हातचं जात नाही.

आणि हे अजून खूप लांब आहे पण लिहून ठेव कारण नंतर कोणी आठवण करत नाही. जीडीएम निघालंच तर बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ते ७५ ग्रॅमचं गोड पाणी परत प्यायचं असतं, आणि मग दर एक ते तीन वर्षांनी तपासणी, कारण आपल्यासारख्यांना पुढे टाइप टू व्हायची शक्यता इतरांच्या कितीतरी पट असते. अंगावर पाजल्याने ती थोडी कमी होते. माझी ती टेस्ट जवळजवळ राहिलीच होती, रात्रीची जागरणं, दूध, लंगोट यात आईची शुगर कोणाला आठवते. शेवटी बाळाच्या लसीच्या कार्डावरच पेनाने लिहून टाकली, ते कार्ड काही हरवत नाही.

चष्मेवाली

लसीच्या कार्डाची आयडिया उचलतेय, उद्यापासून माझ्या सगळ्या पेशंटना.